आबांची उड्डाणाची वही

— हळू बोला, प्रेमसिंगभाऊ, हळू! माझा रोशन आत्ताच झोपला, आणि झोपला नसता तरी ‘उड्डाण’ हा शब्द या घरात मोठ्यानं काढायचा नसतो. हसू नका. बसा. तिथं नको, तिथं कापूस आहे — म्हणजे कापूस सगळीकडेच आहे, त्यातल्या त्यात त्या खुर्चीवर कमी आहे. भाव येईल, भाव येईल म्हणून बाभुळगावच्या वावरातला सगळा इथं आणून टाकला, आता आम्ही स्वयंपाकघरात राहतो आणि कापूस बैठकीत, जावयासारखा. खाज सुटली तर सांगा, खोबरेल तेल देते.

वही. हो हो, समजलं मला. रविवारी विहारात आबांचं पुण्यानुमोदन आहे, ग्लायडर क्लबची सगळी मंडळी येणार, धर्मपालजी बावीस वर्षांत किती वेळा आभाळात गेले ते तुम्ही वाचून दाखवणार, वही टेबलावर मांडणार, शेजारी फोटो. चांगली कल्पना आहे. फार चांगली आहे. फक्त एक अडचण आहे बारीकशी — माझ्या सासूबाईंना, म्हणजे आबांच्या सख्ख्या बायकोला, आबा कधी विमानात बसले हेच माहीत नाही.

नाही, मस्करी नाही करून राह्यले. मीही सून म्हणून आले तेव्हा हेच ऐकलं, की आबा क्लबात विंच चालवतात. तुम्ही फुलसावंगीहून आलात, सेक्रेटरी होऊन सहा महिने झाले, तुम्हाला कोण सांगणार? चौऱ्याऐंशी साली आबा आयटीआयत फिटरच्या पोरांना शिकवायचे, इकडे धावपट्टीवर क्लब निघाला, आबा घरी येऊन म्हणाले, कौसल्या, मी मेंबर होऊन राह्यलो. आई म्हणाल्या, कायचे? तर म्हणे, बिनइंजिनच्या विमानाचा. आता कोणत्या बाईला हे ऐकून बरं वाटेल, सांगा! ‘इंजिन नाही तं उडते कायनं जी?’ — ‘हवेनं.’ — ‘आन् हवा नसली तं?’ — इथं आबा अडकले. आणि ते अडकले तिथंच आईंनी खुंटी ठोकली — ‘जाचं असन तं जा जी, पन काम जमिनीवरचंच करा. वर गेले तं मी बाभुळगावले कायमची गेली समजा.’ आबा म्हणाले, बरं. पहिलं वर्ष खरंच विंच चालवला हो त्यांनी, दोर गुंडाळायचा, सोडायचा, दुसऱ्याला पतंगासारखं वर ओढायचं आणि स्वतः खाली मान वर करून उभं राहायचं. मग एक दिवस कोणीतरी म्हणालं, धर्मपाल, बस. बसले. झालं. उतरलेच नाहीत — म्हणजे उतरले, पण तुम्हाला कळतंय मी काय म्हणते.

आणि डोकं पहा त्यांचं! घरी यायच्या आधी क्लबातल्या फुलसिंगकडून विंचचं ग्रीस मागून घ्यायचे आणि लावायचे. हाताला, कोपराला, शर्टाला पुढून. नीट, सारखं, आपण बाळाला पावडर लावतो तसं. इकडे आई बावीस वर्षं ते शर्ट घासून राह्यल्या — ‘मिठ्या मारता का जी त्या मशीनले?’ आबा मान खाली घालून जेवायचे. मला तेव्हा वाटायचं, किती कष्टाळू माणूस.

मला कसं कळलं? या कापसातून! रोशनचा खुळखुळा ढिगात गेला, मी खांद्यापर्यंत हात घातला, आणि हाताला लागलं पुठ्ठ्याचं काहीतरी. ओढलं — तारीख, वार, वेळ, उंची, वारा कुठून. वर पाहते तर आबा दारात. रंगेहाथ! आता रंगेहाथ कोण, ते की मी, हे मला अजून ठरवता आलं नाही. म्हणाले, ‘उर्वशी, तू बीएस्सी आहेस न? मंग तुले तं समजते. हे काही पाप नाही. गरम हवा वर जाते, मानूस तिच्यासोबत जाते.’ म्हटलं, आबा, फिजिक्समध्ये बरोबर आहे, पण आईंच्या पुस्तकात नापास आहे. असे हसले! तेव्हापासून त्यांना ऐकायला मी. दुपारी आई जरा आडव्या झाल्या की आमची कुजबुज सुरू. कोणाचं वावर कसं आहे ते तोंडपाठ — शेतकऱ्याला पिकाचं माहीत नसेल एवढं यांना मोकळ्या जमिनीचं. काळी जमीन उघडी पडली, उन्हानं तव्यासारखी तापली, की तिथली हवा वर निघते, मग ग्लायडर तिथं न्यायचं. म्हणायचे, ‘गेली दोन-तीन सालं लोकायनं कापसाच्या पऱ्हाट्या लवकर उपटल्या, बोंडातच काही नाही, भाव नाही, ठेवून करता काय. त्यायचं वाईट साल आन् आमचं चांगलं. कोनाले सांगू नको पोरी, मलेच लाज वाटते.’ आणि लाजत लाजत हजार फुटांची गोष्ट सांगायचे.

तर असं आहे. द्यायची कशी? दिली तर आईंना कळणार, भरल्या विहारात, सगळ्यांसमोर, की नवरा बावीस वर्षं खोटं बोलला — आणि आता भांडायलाही माणूस नाही. न दिली तर? तर लोक म्हणतील, धर्मपालजी, विंच चालवायचे, चांगले होते. एवढी वर्षं वर काढली आणि शेवटी जमिनीवरचेच. दोन्हीकडून माझाच जीव जाते. आई बाभुळगावला गेल्यात, चारच्या गाडीनं येतील, तोपर्यंत काय ते — असं करा न, तुम्ही एक कोरी वही घ्या, मी सांगते ते आकडे लिहा, आणि — नाही, ही पाहू नका तुम्ही. मागचं पान नका उलटू. भाऊ! मागच्या पानावर शाई सांडली आहे.

बरं. नाही सांडली.

वाचलं न? ‘सोबत — उर्वशी, सूनबाई.’ आबांचंच अक्षर. काय गरज होती! इतर वेळी ‘सोबत’ पुढे नुसती रेघ मारायचे. नियमाचे पक्के, घरी खोटं बोलतील, वहीत नाही बोलणार.

फेब्रुवारीत. रोशनला डोस द्यायला नेलं होतं, आबांच्या स्कूटरवर. डोस झाला, पोरगं रडून झोपलं, आबा म्हणाले, पाच मिनिटं धावपट्टीवर जाऊन येऊ, फुलसिंग असन. फुलसिंग होता. त्याची बायको जमनाबाई डबा घेऊन आली होती, तिनं हात पुढे केले आणि मी बाळ दिलं. मी! जी मी रोशन झोपला की कापसाचा तंतू त्याच्या नाकाशी धरते, हलतो की नाही पाहायला, दिवसातून दहादा — आणि बऱ्याचदा कळतच नाही, कारण मीच श्वास रोखून बसलेली असते — त्या मी वीस मिनिटांच्या ओळखीच्या बाईला बाळ दिलं, पदर पोटाशी कोंबला, त्यावरून पट्टे आवळून घेतले आणि पुढच्या सीटवर. आबा मागे. मी म्हटलं, आबा, मला उतरायचं आहे. ते म्हणाले, ‘उतरू न, वर जाऊन उतरू.’

आणि विंचनं ओढलं! आकाशपाळणा नाही हो, आकाशपाळणा काय — कोणीतरी बखोट धरून आभाळाच्या अंगणात भिरकावून द्यावं तसं! मग ठक् — दोर सुटला — आणि एकदम शांत. वारा नुसता सूं करून राह्यला. आबा म्हणाले, आता मारोतरावच्या वावराकडे, त्यानं परवाच पऱ्हाटी उपटली, तवा झाला असन तवा. गेलो. खाली पाहतो तर काय — चकचकीत पाणी! मारोतरावनं भुईमूग लावून ओलीत सोडलं होतं! ओली जमीन, थंडगार, कुठली हवा वर येते? लागलो की खाली यायला. आबांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं — ‘अबे मारोत्या!’ वहीतही आहे पहा, ‘मारोतरावनं दगा दिला.’ बिचाऱ्यानं स्वतःच्या वावराला पाणी दिलं, त्याला काय माहीत वरून कोणाचा भरवसा होता! मला तर दिसायलाच लागलं, उद्याच्या पेपरात, सासरा-सून भुईमुगात. तेवढ्यात आबांना धूर दिसला. सुखीबाई वावराच्या धुऱ्यावर, बांधाशी, पऱ्हाट्या जाळून राह्यली होती. वळवलं तिकडं, शिरलो धुरात, आणि — वर! गोल, वर, गोल, वर! काचेबाहेर जळकी पानं आमच्यासोबत वर येऊन राह्यली, एक घार आमच्याच उंचीवर, मान वाकडी करून माझ्याकडे पाहते, जणू विचारते, तू काहून इथं? आणि मी ओरडले. भ्यायले म्हणून नाही — हसून! मागून आबा, ‘ठीक आहे न पोरी? ठीक आहे न?’ आणि मला हसण्यातून हो म्हणताच येईना. घरी आले तर केसांना धुराचा वास, आई म्हणाल्या, ‘दवाखान्यात चूल मांडली का आता?’

अकरा मिनिटं. लिहिलंय तिथं. त्या अकरा मिनिटांत मला रोशन आठवला नाही, भाऊ. एकदाही नाही. पाच महिने ज्याच्याशिवाय एक घास गिळला नव्हता, तो खाली परक्या मांडीवर, आणि मी घारीशी नजर मिळवून राह्यले. उतरले तेव्हा जमनाबाई त्याला घेऊन समोर आली, आणि क्षणभर — एकच क्षण हो — मला वाटलं, कोणाचं आहे हे बाळ? गोड आहे. — हे मी संघर्षला सांगितलं नाही, नवऱ्याला. वहीत तर नुसतं नाव होतं, तुम्ही वाचलं असतं आणि विसरला असता. हे मीच सांगून बसले. बीएस्सी. आणि सगळ्यात वाईट सांगू? पुन्हा जावंसं वाटते. रोज. भाकरी थापताना, लंगोट वाळत घालताना, मी वाऱ्याकडे पाहते, कुठून आहे म्हणून, आणि —

काय झालं? दाराकडे काय पाहता?

— आई. गाडी लवकर आली का? — केव्हापासून उभ्या आहात? — हे क्लबचे. प्रेमसिंगभाऊ. — हो. — हो आई, आबा. — नाही, एकदा नाही. चारशे सोळा वेळा. — मी एकदाच. — जमनाबाईजवळ होता, झोपलेला. — भेव? नाही वाटलं. आता खोटं काय बोलू. — किती वर म्हणजे... आपलं छत दिसलं, आई. तुम्ही दिसल्या. कुरड्या घालत होत्या, हिरव्या लुगड्यात. आबांनी पंख हलवले तुमच्याकडे पाहून, असे, दोनदा. नेहमीच हलवायचे म्हणे, घरावरून जाताना. तुम्ही वर पाहिलंच नाही.

— घ्या.

भाऊ, तुम्ही निघा आता. नाही, वही आज नाही भेटत. रविवारी न्यायची की नाही, ते आता मी नाही सांगू शकत. पाहता न, कापसावरच बसल्या, चष्मा लावला त्यांनी, पहिल्या पानापासून लागल्या. चौथीपर्यंत शिकल्या आहेत, एकेका ओळीवर बोट ठेवून वाचतात. वेळ लागेल. निघा तुम्ही.