दंडावरचं बटन

माजं माहेर राजापूरच्या अंगाला, लग्न होऊन आले ती लांज्याजवळच्या ह्या वाडीत, आनि आले तशी काजूच्या कारखान्यात लागले. आमचे हे तिथंच कामाला. पंचवीस वर्षं दोघांनी काजूच्या बिया फोडल्या, काय सांगू तुमाला, त्या सालीचं तेल बोटाला लागलं की कातडं जळून काळं पडतं, राख चोळा नायतर खोबरेल चोळा. ह्यांना साखरेचा आजार निघाला तेव्हा नर्सबाई बोटाला सुई टोचून टोचून दमली, रगत काय येईना. म्हनाली, काका, बोट हाये का लाकूड? हसलो आमी. तेव्हा हसू यायचं.

आमची एकुलती एक मुलगी सुरेखा, ती विरारला असते, औषधाच्या दुकानात कामाला. तिनंच ते बटन आनलं. पाच रुपयाच्या नान्यापेक्षा थोडं मोठं, दंडाला चिकटवायचं, पंधरवड्यानं बदलायचं, आनि साखरेचा आकडा आपोआप मोबाईलवर. नुसता आमच्या नाय हां, तिच्यापन मोबाईलवर. ह्यांनी इकडं आंब्याची फोड खाल्ली की तिकडून फोन, बाबा, काय खाल्लंत? हे म्हनायचे, आयला, पोरगी म्हंजे पोलीसच झाली. पन मनातनं खूश, वाडीभर दंड दाखवत फिरायचे. रगतातली साखर फार उतरली की मोबाईल बोंबलायचा. बगावं तर ह्यांना घाम फुटलेला, हात थरथरतायत, बोलनं बरळल्यागत. मग मी लगेच साखरेचं पानी द्यायची. चार-पाच वेळा दिलं असंल. म्हंजे मला कळत नव्हतं असं नाय. हे लिवा तुमी, मला कळत व्हतं.

शिमग्यात आमच्याकडं देवीची पालखी घरोघर येते. पालखी दारात येऊन ओटी भरेपर्यंत घरातलं कोन तोंडात पानीसुद्धा घालत नाय, सासूनं पाळलं, मी पाळलं. गेल्या शिमग्याला गुरव सांगून गेला, तुमच्याकडं सकाळी नवाला पोचतो. म्हनून ह्यांनी आठला इन्सुलिनची सुई घेतली, नवाला ओटी झाली की जेवूच म्हनाले. मी म्हटलं, अवो, घोटभर दूध तरी घ्या. तर डोळे वटारले, देवाच्या आधी? सुई चुकवायची नाय हे डाक्टरचं बरोब्बर ध्यानात, आनि सुईनंतर जेवन चुकवायचं नाय, साखर एकदम उतरते, हेपन त्यानंच सांगितलेलं, ते गेलं वाऱ्यावर. नऊ वाजले, दहा वाजले, ढोल आपला खालच्याच वाडीत.

आनि मोबाईल बोंबलला. हे म्हनाले, बंद कर त्याला, देव वाडीत हाये. मला तो बंद करता येईना, खरंच येईना, तर मी गोधडीत गुंडाळला, माजघरात नेला, तांदळाच्या पिंपात ठेवला आनि वर झाकन लावलं. ह्याच हातांनी. मनात म्हटलं आता येईल पालखी, मग जेवतीलच.

आली ती साडेअकराला. ह्यांनी उपाशी पोटी खांदा दिला, अंगनात नाचवली. जरा वेळानं पाय वाकडे पडायला लागले, सदरा घामानं भिजला, अंग थडथड उडायला लागलं आनि तोंडातनं कायबाय बरळनं सुरू. कोन तरी ओरडलं, अंगात आलं, अंगात आलं ह्यांच्या! झालं, पालखी दुसऱ्यानं खांद्यावर घेतली, ह्यांना पाटावर बसवलं, अंगारा लावला, ढोल आनखी जोरात. गुरवानं गाऱ्हानं घातलं, ह्या घरावर काय इडापिडा असंल ती दूर कर म्हाराजा, सगळे म्हनाले व्हय म्हाराजा. मीपन म्हटलं. तोच घाम, तीच थरथर, चार-पाच वेळा माज्या डोळ्यांनी बगितलेली, आनि मला काय अवदसा आठवली, मी पुढं झाले, माज्याच नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं आनि म्हटलं, आई, ह्यांची साखर बरी कर गो.

तिकडं विरारला सुरेखा मोबाईलवर आकडा उतरताना बगत व्हती आनि फोनवर फोन करत व्हती. आमचा फोन पिंपात, वाडीतले सगळे ढोलात. शेवटी शेजारच्या वयनीनं उचलला, ती धावत आली, अगो, सुरेखा रडतेय, बाबांना साखर द्या म्हनते. तवर ह्यांची दातखिळी बसलेली. कोनाच्या तरी गाडीत घातलं, रत्नागिरीच्या वाटेला लागलो, पाली गेली, हातखंबा गेला, मी आपली बोटाला साखर लावून ह्यांच्या हिरड्यांना चोळतेय, चोळतेय. रत्नागिरीला डाक्टर म्हनाला, फार उशीर केलात, मेंदूला इजा झालीय.

जगले. पन ह्याला काय जगनं म्हनायचं? पडवीत बसवलं तिथंच बसतात, भरवलं तर खातात, मला वळखत नायत. बटन अजून दंडावर हाये, मीच लावते. सुरेखाचा रोज फोन येतो, एकशे तीस हाये, भाकरी अर्धीच दे, आनि ठेवून देते. आई म्हनून हाक मारत नाय. एकदाच तिनं विचारलं, का ठेवलास पिंपात? वाडीतल्या बाया येऊन ह्यांच्या पुढ्यात नारळ ठेवतात, म्हनतात देवी अजून गेली नाय ह्यांच्या अंगातनं. मी सांगते, बायांनो, देवी नाय गो, साखर उतरलेली. तर म्हनतात, असं बोलू नये.

यंदापन पालखी आली. ढोल शेजारच्या अंगनात वाजत व्हता तेव्हाच मी दहीभात कालवला आनि पडवीत बसून ह्यांना भरवला, सगळ्यांच्या देखत. गुरव बगत ऱ्हायला. देवीवर राग नाय माजा, तिनं कुठं सांगितलेलं उपाशी ऱ्हा म्हनून? राग माजा माज्यावर, आनि तो आता माज्याबरोबरच जानार. तुमची लेकरंबाळं सुखात ऱ्हावोत. पन तुमच्या घरात कोन साखरवालं असंल आनि त्याला असा घाम फुटला, हात थरथरले, तर आधी त्याच्या तोंडात साखर घाला. हात मागाहून जोडा, देव काय कुठं जात नाय.