गोवराचं वाक्य

निवेदिका : “गोवराची लस घेतली, की गोवर होत नाही. आरोग्य विभागातर्फे जनहितार्थ.”

अधिकारी : छान. आता हेच जरा हसून घ्या, ताई. आवाजात हसू हवं. भोंग्यातून निम्मं उडून जातं.

निवेदिका : हसून नाही जमणार.

अधिकारी : मग निदान प्रसन्न.

निवेदिका : साहेब, मी हे वाचणारच नाहीये. आत्ता वाचलं ते तुमचं यंत्र चालतं का बघायला.

(माहिती विभागाचा ध्वनिमुद्रण कक्ष. काचेच्या आत निवेदिका. बाहेर माहिती अधिकारी आणि मजकुराला मंजुरी देण्यासाठी बोलावलेल्या, विषाणुशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका.)

प्राध्यापिका : एक मिनिट. वाक्याचे शेवटचे दोन शब्द काय होते? ‘होत नाही’?

अधिकारी : बाई, वाक्य तुमच्याच मंजुरीचं आहे. मागे तुम्हीच सही केली होतीत.

प्राध्यापिका : मी सही केली त्या वाक्यात ‘दोन्ही वेळा’ होतं आणि ‘सहसा’ होतं. ‘गोवराची लस दोन्ही वेळा घेतली, की गोवर सहसा होत नाही.’ ते शब्द कुठे गेले?

अधिकारी : ‘दोन्ही वेळा’नं वाक्य लांबतं. आणि ‘सहसा’ चालीत बसत नव्हतं.

प्राध्यापिका : चालीत. विषाणूला चाल समजते, असं मी शिकवल्याचं आठवत नाही. तू मागच्या बाकावर बसायचास हे खरं, पण इतकं तर कानावर पडलं असतं.

अधिकारी : लोक चालता चालता ऐकतात, बाई. ‘सहसा’ म्हटलं, की पुढचं ऐकतच नाहीत.

निवेदिका : तुमचं ‘सहसा’ ठेवा बाजूला. मला आधी एक सांगा. माझे सासरे लस घेऊनही वारले. याच वाक्यानं.

प्राध्यापिका : गोवरानं? त्या वयात?

निवेदिका : फ्लूनं. गेल्या वर्षी भोंग्याची गाडी फिरली होती ना, ‘फ्लूची लस घेतली, की फ्लू होत नाही.’ माझ्या आवाजात. गल्लीभर सांगत सुटले, आमची सूनबाई म्हणतेय. पुढे ताप भरला, तर म्हणे साधी सर्दी आहे, फ्लू मला होतच नाही. डॉक्टरचं नाव काढलं, की अंगावर यायचे. छाती भरली तेव्हा उचलून नेलं. मग काय.

प्राध्यापिका : कळलं.

निवेदिका : नाही, पुढचं ऐका. हे वाक्य मी कधी बोलले, तेच मला आठवत नाही. नवरा म्हणतो तुझाच आवाज. मीही ऐकला. माझाच. पण कुठल्या दिवशी, कोण होतं समोर, काही म्हणता काही नाही. डोकं फिरलंय का माझं?

अधिकारी : ताई, तो विषय आज नको. आज गोवर—

निवेदिका : गोवराचंच बोलतेय. शेजारच्या इमारतीत आलाय तो. माझ्या जावेची पोर वर्षाची आहे, तिला अजून पहिलीही लस नाही. जाऊ म्हणते, “तुझ्या तोंडचं एकदा ऐकलं, तेवढं पुरे झालं.” दारच लावून घेते. मी तिला काय सांगू? आजोबांची लस फसली, पण नातीची फसणार नाही? कशावरून? दोन्ही लशीच ना?

प्राध्यापिका : दोन्ही लशीच. चोर वेगळे.

निवेदिका : म्हणजे?

प्राध्यापिका : गोवर हा सावकाश चोर. नाकातून शिरतो, सबंध घर हिंडतो, आणि आठवड्या-दीड आठवड्यानं हात मारतो. तोवर लशीनं शिकवून ठेवलेले पहारेकरी जागे होतात, काठ्या शोधतात, येऊन पोचतात. फ्लू उंबऱ्यावरच्या चपला उचलून पळतो. पहारेकऱ्यांनी डोळे चोळेपर्यंत त्याचं काम उरकलेलं असतं.

निवेदिका : मग पहारा उंबऱ्यावरच का नाही बसवत?

प्राध्यापिका : दंडात टोचलेल्या लशीनं रक्तातला पहारा चांगला बसतो, नाकातला तितका बसत नाही. शिवाय फ्लूचा पहारेकरी काही महिन्यांत पेंगू लागतो.

निवेदिका : आणि गोवराचा?

प्राध्यापिका : तो बहुतेक जन्मभर जागा राहतो.

निवेदिका : का?

प्राध्यापिका : याचं पुरतं उत्तर अजून कोणापाशी नाही.

निवेदिका : तुमच्यापाशीसुद्धा?

प्राध्यापिका : माझ्यापाशी अर्धंमुर्धं आहे, आणि ते अर्धंमुर्धं आहे हे मला ठाऊक आहे. या दुसऱ्या गोष्टीचा मुक्त प्रसार झाला असता, तर साहेबांच्या खात्याचं फार भलं झालं असतं.

निवेदिका : माझा तर आणखीच गोंधळ होतोय. बाबा, म्हणजे सासरे, दर वर्षी लस घ्यायचे हो! मग पहारेकऱ्यांना शिकवायचं तरी किती वेळा?

प्राध्यापिका : दर वर्षी. कारण फ्लू वेश बदलतो. असं बघा, शरीरातलं कुलूप उघडायला प्रत्येक विषाणूपाशी किल्ली असते, आणि पहारेकरी ती किल्ली ओळखून त्याला धरतात. फ्लूच्या किल्लीचे दात बारीक आणि मूठ मोठी. पहारेकऱ्याच्या लक्षात राहते मूठ. फ्लू मूठ बदलतो, दात तेच ठेवतो. कुलूप उघडतंच, आणि पहारेकरी म्हणतो, हे पाहुणे कोण? गोवराच्या किल्लीवर पहारेकऱ्याचा हात पडतो तो थेट दातांवर. दात बदलले तर कुलूप उघडणार नाही. तेव्हा तो बिचारा जुन्याच किल्लीनिशी हिंडतो, आणि जुनीच लस त्याला पुरते.

अधिकारी : बाई, हे भोंग्यावर कसं सांगायचं?

प्राध्यापिका : अजून संपलेलं नाही. फ्लूची लस कित्येक महिने आधी बनवायला घ्यावी लागते. पुढच्या मोसमात तो कोणती मूठ लावून येईल, याचा अंदाज बांधून. अंदाज कधी जुळतो, कधी हुकतो.

निवेदिका : अंदाज? म्हणजे बाबांना अंदाज टोचला?

प्राध्यापिका : अभ्यासानं बांधलेला अंदाज. हो.

निवेदिका : मग नव्हतीच घ्यायची.

प्राध्यापिका : घ्यायचीच होती.

निवेदिका : पण घेऊनही फ्लू होऊ शकतो.

प्राध्यापिका : होऊ शकतो.

निवेदिका : तरी घ्यायची?

प्राध्यापिका : तरी. काहींना तो होतच नाही, आणि होतो त्यांतल्या पुष्कळांचं दुखणं हलक्यावर निभावतं. सगळ्यांचं नाही.

निवेदिका : बाबांचं निभावलं असतं?

प्राध्यापिका : ठाऊक नाही. खोटा दिलासा द्यायला इथे एक अख्खा विभाग आहे, त्यात मी भर घालणार नाही. वेळेवर गेले असते, तर डॉक्टरांपाशी औषध होतं, एवढं नक्की. लशीनं त्यांना काय दिलं, हे मला सांगता येत नाही. वाक्यानं त्यांच्याकडून डॉक्टर काढून घेतला, हे सांगता येतं.

निवेदिका : आणि वाक्य माझ्या तोंडचं.

प्राध्यापिका : तेच मला उमगत नाही. फ्लूचा मजकूर माझ्यापुढे आलेलाच नाही. ऐकव रे तो.

अधिकारी : जुना आहे, बाई. शोधावा लागेल.

प्राध्यापिका : शोध. मी निवृत्त आहे.

भोंगा : “फ्लूची लस घेतली, की फ्लू होत नाही. आरोग्य विभागातर्फे जनहितार्थ.”

निवेदिका : थांबा. पुन्हा लावा.

भोंगा : “फ्लूची लस घेतली, की फ्लू—”

निवेदिका : ‘फ्लूची’ आणि ‘लस’ यांच्यामध्ये भिंत आहे. आणि दुसऱ्या ‘फ्लू’वर सूर पडतो. वाक्य पुढे जायचं असताना मी तिथे सूर पाडीन? हा वाक्यातला आवाज नाही... हा यादीतला! साहेब, गोवराचं वाक्य पहिल्यांदा वाचून घेतलंत, तेव्हा तुम्ही मला नुसती नावंही वाचायला लावली होतीत. गोवर, गोवराची. कावीळ, काविळीची. फ्लू, फ्लूची. मी विचारलं हे कशाला, तर म्हणालात, संग्रही असावं.

प्राध्यापिका : साहेब?

अधिकारी : अहो, सगळीकडे असंच करतात. फलाटावरच्या घोषणा कशा होतात? वाक्य एक, गावाचं नाव जोडायचं.

प्राध्यापिका : गाडी उशिरा धावते, हे कोणत्याही गावाबद्दल खरं असतं.

अधिकारी : साथ दारात होती, बाई! ताईंना बोलवायलाही वेळ नव्हता. हो, फ्लूच्या वेळी मी नवीन वाक्य लिहिलंच नाही. गोवराचं तेच ठेवलं, नाव तेवढं बदललं. लोकांना ‘सहसा’ झेपणार नाही, असं वाटलं मला. पण लोक आले ना? रांगा लागल्या!

प्राध्यापिका : लागल्या. त्या रांगेतला एक तुझा शब्द प्रमाण मानून तापात घरी बसून राहिला. आणि आता हिशेब बघ कसा होतो ते : खोटं ठरलं फ्लूचं वाक्य, दंड भरतंय गोवराचं. जे वाक्य खरं होण्याला दोन-तीन शब्दांचं अंतर होतं, ते आज हिच्या जावेला थाप वाटतं. तिच्या जागी मी असते, तर मलाही वाटली असती.

निवेदिका : म्हणजे... मी बोललेच नव्हते?

प्राध्यापिका : नाही.

निवेदिका : रेडिओवर मी लागले, की सासूबाई उठून बंद करतात. मीही गप्प बसते. म्हटलं, आपणच केलंय, तर बोलायचं काय तोंडानं.

अधिकारी : ताई, चुकलं माझं. पण गाडी दुपारी निघायची आहे, आणि गोवर थांबणार नाही. ‘सहसा’ घाला, ‘दोन्ही वेळा’ घाला, बाई सही करतील. तुम्ही फक्त वाचा.

निवेदिका : वाचते. तुमच्यामागून.

अधिकारी : माझ्या?

निवेदिका : माझा आवाज आला, की जाऊ खिडकी लावून घेते. तुमचा तिनं अजून ऐकलेला नाही. आत्ता बाईंपुढे कबूल केलंत ते म्हणा. मग मी गोवराचं सांगते.

अधिकारी : वरिष्ठ मला घरी बसवतील!

प्राध्यापिका : सहसा बसवत नाहीत.

अधिकारी : ...बरं. “काही तांत्रिक कारणांमुळे गतवर्षीच्या घोषणेत अनवधानानं—”

प्राध्यापिका : पुन्हा.

अधिकारी : “गतवर्षीच्या घोषणेत त्रुटी राहून गेल्याचं निदर्शनास आलं—”

प्राध्यापिका : परीक्षेतही तू अशीच कर्ता वगळून उत्तरं लिहायचास. पुन्हा.

अधिकारी : एवढ्यानं तुमची जाऊ येईल का हो पोरीला घेऊन?

निवेदिका : माहीत नाही.

अधिकारी : बाई?

प्राध्यापिका : मलाही नाही.

निवेदिका : लाल दिवा लागला, की बोला. सावकाश. गल्लीच्या टोकापर्यंत गेलं पाहिजे. आणि साहेब, हसू नका.

अधिकारी : “फ्लूच्या वेळी मी नवीन वाक्य लिहिलंच नाही. गोवराचं तेच ठेवलं, नाव तेवढं बदललं. लोकांना ‘सहसा’ झेपणार नाही, असं वाटलं मला.”