योहानकडे राहिलेला डबा

डबा मागायचा की नाही, यावर आमच्या घरी चार महिने चर्चा चालली, यार. इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेला आमच्या समोर योहान राहतो, इंडोनेशियातल्या एका लांबच्या बेटावरचा. बायकोने त्याला डबाभर लाडू दिले आणि डबा तिकडेच राहिला. त्यावर तिच्या आईचं नाव कोरलेलं.

परवा योहान डबा घेऊन आला. आत नारळाचा भात, थोडा करपलेला.

"आमच्या गावात रिकामा डबा परत देत नाहीत," तो म्हणाला. "मला स्वयंपाक येत नव्हता. आईकडून फोनवर शिकलो. नेटवर्कसाठी तिला डोंगर चढावा लागतो, म्हणून फक्त रविवारी."

बायकोने डबा घासला आणि पुन्हा लाडू भरले.

म्हटलं, "अगं, त्या माउलीला परत डोंगर चढायला लावतेस?"

"चढेल ती. तेवढंच लेकाशी बोलणं होईल."