पट्टा कोणाच्या गुडघ्याला?

घोटा मुरगळला म्हणून मी दवाखान्यात बसले होते. मोबाइल बंद पडलेला, म्हणजे कान अगदी मोकळे! शेजारी आजी-आजोबा रिपोर्ट हातात धरून कुजबुजत भांडत होते.

“रिपोर्ट म्हणतो, इथे चाल तपासायच्या कॅमेऱ्यासमोर लंगडता आणि घरी हालचाल मोजायचा पट्टा बांधला की दिवसभर पळता. डॉक्टर चक्रावलेत तुमच्या गुडघ्यापुढे!”

“पट्टा टोचत होता गं. म्हणून तुला दिला.”

“काय तो दिलदारपणा! दागिना असता तर आठवडाभर दिला असता?”

“हळू बोल. ऑपरेशन नको म्हणाले तर माझं काय?”

“पुढचं वाचा. की चष्माही मलाच दिलात?”

“‘पेशंट दिवसभरात निवांत बसतच नाही. घरकाम बंद. सक्तीची विश्रांती.’”

“परत वाचा. जरा मोठ्यानं.”

“यंत्राचं काय ऐकतेस!”

“जन्मभर तुमचंच ऐकलं. तुम्ही कधी असं म्हणालात?”

तेवढ्यात नर्सने दार उघडलं.

“गुडघ्याचे पेशंट कोण?”

आजोबा काठी चाचपत होते. आजी ताडकन उठल्या.

“मी.”