वीस फुटांचं आतडं

अगं, फळ्यावर चित्र काढून पोरांना आतडं पटतच नाही! आमच्या इंदापूरकडच्या शाळेतली तिसरीची पोरं भाकरी न चावता गिळतात आणि खेळायला पळतात. म्हटलं, आज पचन शिकवल्याशिवाय घरी जायचंच नाही.

शेतातली ठिबकची जुनी नळी नेली, चांगली वीस फूट. "हे लहान आतडं. मोठ्या माणसाच्या पोटात एवढं गुंडाळलेलं असतं," असं म्हणून एक टोक दुमडून बांधलं आणि दुसऱ्यातून तांब्याभर पाणी ओतलं. नळी जागोजागी गळायला लागली. वर्गभर हशा!

मी नळी गुंडाळायला लागले, तर रेश्मा उठली. तिच्या घरी डाळिंबाची बाग आहे. "बाई, राहू द्या की. ठिबक गळलं न्हाय तर झाडाला काय मिळंल? आतडंबी आसंच आंगाला देत आसंल."

अख्खा धडा तिनंच शिकवला!

मधल्या सुट्टीत मी घाईघाईनं भाकरी कोंबत होते. समोर रेश्मा, हाताची घडी घालून उभी.

"बाई, बारीक चावा. नळी चोकअप हुईल."

माझा शेवटचा घास चावून होईपर्यंत ती जागची हलली नाही.