बसायला स्टूल

...नाही नाही, तुम्ही बसा हो, मी उभीच बरी, मला आता बसलं की उठताच येत नाही! सकाळी दुकानाचं शटर वर गेल्यापासून रात्री खाली येईपर्यंत त्या बिलाच्या काउंटरमागे उभी असायचे मी, पायांचे नुसते खांब झालेत, आणि वर आमचे साहेब काय म्हणायचे? ‘मावशी, हसा!’ अहो, पोटऱ्यांत गोळे आलेत इथे, हसते कपाळ माझं! पण नाही. तुम्हाला सांगते, काम नाही बघत कुणी, चेहरा बघतात चेहरा!

साहेब म्हणजे तरी कोण, तर माझ्या धाकट्या दिराहून लहान, गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला स्वतःचाच फोटो! त्यांचा नियम असा, की गिऱ्हाइकाच्या हातात पिशवी देताना मान जराशी तिरकी करायची, वरचे दात दाखवायचे आणि म्हणायचं, ‘आपली सेवा करून आनंद झाला, पुन्हा अवश्य या!’ म्हटलं, साहेब, गिऱ्हाईक शिव्या देत असलं तर? तर म्हणतात, ‘शिव्या संपल्या की म्हणायचं.’

मग सोसलंस कशाला म्हणाल... स्टुलासाठी हो! आमच्याकडे कायम झालेल्या माणसालाच काउंटरला बसायला स्टूल मिळतं, बाकीच्यांनी उभं राहायचं. जागा एक आणि आम्ही दोघी टपलेल्या. दुसरी कोण, तर शेजारच्या काउंटरवरची हसरी. सगळे तिला हसरीच म्हणतात. अंडी तळाला घालते आणि वर धुण्याच्या साबणाचा हा एवढा पुडा, खाली फचक! पण हसते अशी, की गिऱ्हाईकच म्हणतं, ‘जाऊ दे गं, फोडायचीच होती.’ आणि मी? माझ्या हातून आजवर एक अंडं फुटलं असेल तर शपथ! पण पिशवीत डोकावतंय कोण? काम नाही बघत कुणी, चेहरा बघतात!

मग मीही पेटले. भांडी घासताना म्हण, वेणी घालताना म्हण... ते वाक्य जिभेवर असं बसलं, की सासूबाईंना चहा दिला आणि गेलंच तोंडातून, ‘आपली सेवा करून आनंद झाला!’ सासूबाई कपाकडे बघतात, माझ्याकडे बघतात, ‘काय घातलंयस गं यात?’ आणि आमचे हे, पेपरातून डोकं न काढता, ‘घरीही असंच बोलत जा की रोज!’ हौस बघा!

आणि नेमके तेव्हाच साहेबांचे वडील गेले. आम्ही सगळे घरी भेटायला गेलो. रस्ताभर मी घोकतेय, ‘फार वाईट झालं साहेब, फार वाईट झालं साहेब...’ आत माणसं गच्च, साहेब कोपऱ्यात उभे, आणि त्यांच्यापुढे रांग. रांग हो! आता रांग बघितली की माझं काय होतं, तुम्हीच सांगा! माझा नंबर आला, साहेबांनी सुजलेल्या डोळ्यांनी वर बघितलं, आणि माझी मान आपसूक तिरकी, दात बाहेर... ‘आपली सेवा करून आनंद झाला, पुन्हा अवश्य या!’

हसरीसुद्धा हसायची थांबली! मी म्हटलं गेलं स्टूल, नोकरीही गेली... आणि साहेब, मान खाली घालून, सवयीनं, काय म्हणाले असतील? ‘धन्यवाद, काही तक्रार असल्यास जरूर कळवा.’

बघतच राहिलो आम्ही एकमेकांकडे! मग त्यांचं तोंड असं वेडंवाकडं झालं, की रडतायत का हसतायत तेच कळेना. हळूच म्हणाले, ‘मावशी, बाबांचा फोन आला दवाखान्यातून, तेव्हा मी दारात उभा राहून गिऱ्हाइकांकडे बघून हसत होतो हो. उचललाच नाही.’ पोरगंच की ते! मग डोळे पुसून स्वतःची खुर्ची पुढे केली, ‘बसा मावशी, दमला असाल.’ इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी मला बसा म्हणालं! आणि मी काय म्हणाले? ‘नको साहेब, उभीच बरी.’ जीभ झडो माझी!

कामावर आल्या आल्या साहेबांनी मला बोलावलं. गेले. तर म्हणतात, ‘मावशी, तुम्ही कायम! एवढ्या प्रसंगातही तुमचा चेहरा ढळला नाही, मी वर तसंच कळवलंय. आता नव्या मुलींना तुम्ही शिकवायचं.’ मी म्हटलं, आणि साहेब... स्टूल? ‘ते माणसाचं नाही, काउंटरचं असतं मावशी. तुमच्या काउंटरला लागलंय, तिथे आता हसरी बसेल.’

बसलीय बया!

आणि आमच्या शिकवायच्या खोलीत खुर्च्या आहेत हो, चांगल्या मऊ, पाठ टेकायच्या. त्यांवर नव्या मुली बसतात. आणि मी दिवसभर त्यांच्यापुढे उभी राहून काय शिकवते? उभं कसं राहायचं... हसत!

झाले हो कायम. कायमची उभी!