सांवेरचा फ्रिज कोणाच्या नावावर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कंपनीचे मालक माननीय यशवर्धनजी, सत्कारमूर्ती लक्ष्मीकांतजी, शारदावहिनी, आणि या सभागृहात वेळेवर आलेल्या व अजून येत असलेल्या सहकारी मित्रांनो,

दवाखान्यांचे फ्रिज सांभाळण्यात लक्ष्मीकांतजींनी उमेदीची वर्षं घातली, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. मी त्यांच्या तारखांबद्दल बोलणार. कामांच्या वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर कंपनीत मी बसवलं. ते मला कोणी शिकवलं नाही. मदतीची पानं वाचत स्वतः शिकलो. कोर्स केलेली मंडळी आज मलाच विचारायला येतात. असो.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "लक्ष्मीकांतजी, या कामाची डेडलाइन काय टाकू?"

"टाक ना काहीही, शाम भिया. हो जाएगा."

आता मला सांगा, 'हो जाएगा' ही कोणत्या महिन्यातली तारीख?

सांवेरकडच्या एका धर्मार्थ दवाखान्यात मुलांच्या लसींचा फ्रिज आहे. त्याची तपासणी मी 'दर महिन्याच्या पहिल्या तारखेला' अशी लावली. एकदा गाडी बिघडली आणि लक्ष्मीकांतजी तिथे पोहोचले थेट महिनाअखेरीस. दुसऱ्या दिवशी फोनवर पुढचं काम हजर. हे निघाले पुन्हा सांवेरला. तिथल्या अंबिका सिस्टर म्हणाल्या, "अरे भिया, कालच तर आला होता. काही राहिलं का?"

"माझं नाही राहिलं. शाम भियाच्या मशीनला वाटतं, मी आलोच नव्हतो."

सेटिंग बरोबर होतं, हे मी आजही सांगतो. पगारासारख्या ठरल्या तारखेच्या कामाला तेच योग्य आहे. फ्रिजची पुढची तारीख मात्र मागचं काम पूर्ण झालेल्या दिवसापासून मोजावी लागते. तशी लावली.

हे आज कशासाठी? लक्ष्मीकांतजी आज निवृत्त होताहेत आणि संध्याकाळी सॉफ्टवेअरमधलं त्यांचं खातं बंद होईल. खातं बंद झालं की त्या नावावरची दर महिन्याची कामंही थांबतात. दुसरं नाव घातलं तरच पुढे चालतात. बाकी सगळ्या कामांना नावं मिळाली, सांवेरला मिळालं नाही. मागच्या मीटिंगमध्ये अध्यक्षांनी विचारलं होतं, "हे काम कोणत्या करारात बसतं?" खरंय, कशातच नाही. वॉरंटी कधीच संपली. लक्ष्मीकांतजी एवढंच म्हणाले, "करार नसेल, साहेब. फ्रिज तर आहे ना." मग चहा आला आणि विषय राहिला.

काल मी त्यांना विचारलं, निरोपाला काय हवं? म्हणाले, "शाल नको. त्या सांवेरचं बघ."

मी म्हटलं, "हो जाएगा."

तर म्हणतात, "तारीख सांग."

तेव्हा, अध्यक्षमहोदय, मघाशी आपल्या खिशात फोन थरथरला तो याच कामाचा. मी ते आपल्या नावावर टाकलं आहे. आपण कोणालाही द्या. मला दिलंत तरी चालेल. पाना धरायचं अजून शिकलो नाही, तेही शिकेन. 'बंद करा' असंही एक बटण तिथे आहे. दाबायचं असेल तर लक्ष्मीकांतजी समोरच बसले आहेत.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर राग मानू नये. तारखेत चूक सापडली तर मात्र जरूर...

क्षमा करा, माझाच फोन. बघू द्या. 'सांवेर, फ्रिज तपासणी. जबाबदारी: शाम. सोमवार.'

'दर महिन्याचं हे काम कधी थांबवायचं' हा रकाना अध्यक्षांनी रिकामा ठेवला आहे. बरोबर आहे. तो रिकामाच ठेवायचा असतो.

लक्ष्मीकांतजी, सोमवार.